मूठभर खार

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. नवरा म्हणतो, भिंगरी पायाला नाही, जिभेला आहे. दोघांचंही खरं आहे. मी ढोरांची डॉक्टर. घर नागपूरला, दवाखाना नरखेड तालुक्यात, भाड्याची खोली काटोलला, आणि या तिन्हींच्या मधल्या रस्त्यावर मी. एका जागी बसले की दुसऱ्या जागचं काम आठवतं. जेवायचं उभ्यानं, बोलायचं चालता चालता, आणि समोरचा बोलत असला की गाडीची किल्ली बोटात फिरवत राहायचं. ही सवय मी बरीच वर्षं गुण म्हणून मिरवली. गावोगावचे लोक म्हणायचे, "मॅडम लय फास्ट आहे." मला बरं वाटायचं. आता कुणी तसं म्हटलं की मी विषय बदलते.

त्या सकाळी दवाखान्यात एक बाई आली. पन्नाशीच्या पुढची, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात पुरुषांचे बूट, हातात काठी. आमच्याकडे गावाची गुरं चारणाऱ्याला गायकी म्हणतात, आणि त्या कामालाही गायकीच. हिचा नवरा गायकी होता. तो गेल्यावर हिनं त्याचे बूट घातले आणि त्याचीच काठी उचलली. गावानं आधी नाकं मुरडली, बाईच्या मागे कुठं ढोरं जातात का म्हणून. पण ढोरं गेली. ती सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं गोळा होतात त्या जागी, जाऊन नुसती "चाला वं" म्हणायची आणि अख्खा कळप तिच्या मागे निघायचा. मग गाव गप्प बसलं.

तिनं पदराची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर, उघड्या रजिस्टरवर, एक हाड ठेवलं. जुनं, पांढरं पडलेलं, एका बाजूनं लाळेनं ओलं.

"शिंगमोडीच्या तोंडातून काढलं," ती म्हणाली. "गावातले म्हनते का मीच गाईले हाडकं चारते."

मला हसू आलं. ती हसली नाही, तेव्हा मीही आवरलं.

हकीकत साधीच होती. बरडाच्या, म्हणजे गावाच्या दगडगोट्यांच्या पडीक रानाच्या, पलीकडे मेलेली ढोरं टाकायची जागा. गायी चरता चरता तिकडे जाऊन हाडं चघळत. ही काठी घेऊन धावायची, एकीला हाकलेपर्यंत दुसरी पोचलेली. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि तो गावाच्या ग्रुपवर गेला. एका घरचं दूध रोज देवळात अभिषेकाला जायचं. त्या घरच्या काकाजींनी फोटोत आपलीच शिंगमोडी पाहिली आणि त्यांचं डोकंच फिरलं. हाडूक चघळणाऱ्या गायीचं दूध देवावर घालायचं?

"परवा पारावर बैठक आहे," ती म्हणाली. "माही गायकी जाते, मॅडम. तुमी येऊन सांगा का हा रोग आहे म्हनून."

"रोग आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाले कायले पायजे? भरल्या पोटाची गाय हाडूक काहून चावन?"

खरं म्हणजे तिथंच मी किल्ली टेबलावर ठेवून तिच्यासमोर नीट बसायला हवं होतं. रोगाचं निदान तिनंच केलं होतं. मी फक्त लॅटिनमधलं नाव घालायचं बाकी होतं. पण बाहेर एक बैल उभा होता आणि दोन शेळ्या होत्या. उद्या येते म्हणून मी तिला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी मात्र गेले. बरड उन्हानं पांढरं पडलं होतं. पूर्वी तिथल्या गायी शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, चरत. आता चारी बाजूंनी संत्र्याच्या बागा आणि बागांना तार. ज्वारी पेरणं लोकांनी केव्हाच सोडलंय, त्यामुळे घरी कडबाही नाही, नुसतं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा. मग गायींनी खायचं काय, तर या दगडांमधून जे उगवेल ते. आणि दगडात जे नाही ते गवतात कुठून येणार? संत्र्याच्या एकेका झाडाला लोक स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, खतं मोजूनमापून घालतात, पण गायीलाही तेच स्फुरद लागतं हे कुणाच्या गावी नसतं. मला अशा वेळी तिडीक येते.

गायींकडे पाहिलं तर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं समोर उभं. अंगावरचे केस राठ. काळ्या गायींचा रंग उडून तांबूस झालेला. एक माती चाटत होती. एक फाटकी चप्पल चघळत होती, मोठ्या समाधानानं. दोन कालवडी तीन-तीन वर्षांच्या होऊन माजावर आल्या नव्हत्या. आणि ती शिंगमोडी, एका शिंगाची लाल गाय, मान वाकडी करून तोंडाच्या कोपऱ्यात हाड धरून उभी होती. आम्हाला पाहूनही तिनं ते सोडलं नाही.

मी गायकीणीला चालता चालताच सांगितलं, की हाडं ज्यानं बनतात तेच यांना चाऱ्यातून मिळत नाहीये. तिनं थोडा विचार केला.

"म्हंजे त्याईच्या हाडकात हाडूक कमी पडून राहिलं. म्हनून मेलेल्याचं घेऊन राहिल्या."

इतकं सरळ मला आयुष्यात सांगता आलं नसतं. "अगदी तेच," मी म्हटलं. तिला त्याचं फार काही वाटलं नाही. ती शिंगमोडीच्या तोंडातून हाड काढायला गेली. दोन्ही हातांनी जबडा उघडून, शिव्या देत देत. त्या शिव्यांमध्ये इतकी माया होती की गाय कान हलवत ऐकत होती.

बैठकीला पन्नासेक माणसं होती. पारावर बापेमाणसं, खाली एका बाजूला बाया, आणि त्यांच्यापासूनही जरा लांब, कडुनिंबाला टेकून, गायकीण. तिच्यावर खटला होता, पण तिला कुणी काही विचारत नव्हतं. काकाजी बोलत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "आमच्या तीन पिढ्याईचं दूध जाते देवाले. आता काय तोंड दाखवू?"

मी उभी राहिले आणि तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या गावात म्हैस अडली होती. रेडकाचा एक पाय बाहेर, दुसरा आत. अशा वेळी एकेक मिनिट महत्त्वाचं असतं, हे मी आजही म्हणेन. मी फोन बंद केला, किल्ली हातात घेतली आणि बोलायला लागले.

"हे बघा, यात गायकीणीचा काहीही दोष नाही. तुमच्या गायींच्या अंगात क्षार कमी पडलेत. म्हणून त्या हाडं चघळतात. रोज मूठभर क्षार द्या, प्रत्येक गायीला. दोन महिन्यांत हाडांकडे बघणार नाहीत. नाही सोडली, तर मला विचारा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. काकाजींनी डोळे पुसले. "खार कमी आहे म्हनता?"

"हो."

"खार तं सस्ता आहे. दुकानात भेटते."

"हो हो, दुकानात मिळतो," मी म्हटलं आणि गाडीला किक मारली.

म्हैस वाचली, रेडकूही वाचलं. त्या संध्याकाळी मी काटोलच्या खोलीवर स्वतःवर खूश होऊन दोन वेळा चहा प्याले.

नंतरचे दोन महिने लाळ-खुरकुताच्या लसीकरणात गेले. सकाळी सहाला बर्फाचा डबा गाडीला बांधायचा आणि गावामागून गाव. त्या गावच्या फाट्यावरून मी कितीदा तरी गेले. दर वेळी मनात यायचं, आत वळून बघावं का? दहा मिनिटांचं काम होतं. पुढच्या वेळी, असं म्हणून मी पुढे जायची. मला वाटायचं, अडलं तर ते सांगतीलच की. आपलं सांगून झालंय. सांगणं आणि समोरच्याला कळणं ही दोन कामं आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर आणखी पंधरा-वीस दिवसांनी, एका दुपारी काकाजींचा फोन आला. "मॅडम, गाय बसली. येता का?"

गाय बसली म्हणजे उठेनाशी झाली. गायींच्या कोठ्यात गेले तर शिंगमोडी. मागचे पाय लुळे, मान कुशीवर टाकलेली, जीभ तोंडाबाहेर लोंबत होती आणि तिला ती आत घेता येत नव्हती. पाणी तोंडाशी नेलं तर नुसतं खाली ओघळलं. मला पाहताक्षणी कळलं. कुजलेल्या हाडावर एक विष तयार होतं. ते पोटात गेलं की असंच होतं आणि त्यावर माझ्याकडे काही नाही. तरी मी सलाईन लावलं. काहीतरी करत राहिल्याशिवाय मला उभं राहता येत नाही.

"हाडं अजून खात होती?" मी विचारलं.

"खातच होती ना. तुमी सांगतलं तसं सारं केलं, मॅडम. रोज मूठभर. एक दिवस खाडा नाही."

"कुठाय पिशवी? दाखवा, कुठल्या कंपनीचं आणलंत ते बघू."

त्यांनी गव्हाणीशेजारचं टोपलं पुढे सरकवलं. टोपल्यात खडेमीठ होतं.

मी कपाळाला हात लावला. मग ते टोपलं उचलून पुन्हा पाहिलं, जणू दुसऱ्यांदा पाहिल्यावर त्यात दुसरं काही निघणार होतं. "हे तर मीठ आहे."

"खारच ना," काकाजी म्हणाले. "तुमीच तं म्हनल्या, खार द्या."

क्षार हा माझा शब्द. पुस्तकातला, सरकारी पत्रकातला, पिशवीवर छापलेला. आमच्या भागात 'क्ष'चा 'ख' होतो, हे मी नागपूरची असल्यानं मला चांगलं ठाऊक. क्षेत्राचं खेत्र, क्षणाचा खन. म्हणून पारावर 'खार' ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझाच शब्द त्यांच्या तोंडातून परत आला. आणि त्यांना वाटलं, मॅडम शहरातल्या, खाराला, म्हणजे मिठाला, क्षार म्हणतात. दोन्हीकडून एकमेकांचे उच्चार समजून घेतले आणि मधल्या मधे गायी मीठ खात राहिल्या. मीठही लागतंच गायीला, पण मिठानं हाड भरत नाही.

"गायकीणीला बोलवा," मी म्हटलं. मला कुणापुढे तरी हे ओकून टाकायचं होतं.

"तिले काढलं ना. पंधरा रोज झाले."

"काढलं? मी सांगितलं होतं ना, तिचा दोष नाही म्हणून!"

काकाजींना माझा चढलेला आवाज आवडला नाही. पण त्यांनी शांतपणे समजावलं. "तुमीच सांगतलं होतं, मॅडम. दोन महिन्यात हाडकं सोडते म्हनून. सोडली असती तं रोग होता. साऱ्या गावानं इमानदारीनं खार चारला. नाही सोडली. मंग रोग नव्हता ना? मंग दोष कोनाचा राहिला?"

हिशोब चोख होता. माझ्याच शब्दांनी त्यांनी तिला दोषी ठरवलं होतं. मी तिची साक्षीदार म्हणून गेले आणि तिच्याविरुद्धचा पुरावा देऊन आले. शिंगमोडी संध्याकाळच्या आत मेली.

त्यानंतरचे आठ दिवस मी भूत लागल्यासारखी हिंडले. क्षारमिश्रणाच्या पिशव्या डिकीत घालून घरोघर गेले. पिशवी फोडायची, पूड हातावर घ्यायची, दाखवायची. "ही बघा, राखेसारखी दिसते. मीठ नाही. संत्र्याला स्फुरद घालता ना? हे गायीचं स्फुरद." स्फुरद म्हटल्याबरोबर डोळे चमकायचे. दोन मिनिटांत समजत होतं सगळ्यांना. दोन मिनिटांत! मेलेली ढोरं टाकायच्या जागी मी पंचायतीकडून खड्डा करून घेतला, उरलेली हाडं पुरली. तीन महिन्यांनी बरडावर गेले तर गायी गवतात तोंड घालून चरत होत्या. काळ्यांचा काळेपणा परत आला होता. दोन्ही कालवडी गाभण होत्या.

आणि गाव म्हणत होतं, नवा गायकी चांगला आहे.

मी पारावर बसून, यावेळी खरंच बसून, पुन्हा सगळं सांगितलं. शब्द माझा चुकला, औषध उशिरा पोचलं, ती बाई निर्दोष आहे, तिला परत बोलवा. लोकांनी आदरानं ऐकलं. काकाजी म्हणाले, "दोन्हीनं झालं असंन, मॅडम. तुमचं औषधही लागलं अन् मानूसही बदलला." नवा गायकी गावातल्याच एकाचा भाचा होता, बायकोपोरांसह येऊन राहिला होता. त्याला का काढायचं? मला राग आला, मग रागाचीही लाज वाटली.

गायकीण बुटीबोरीला लेकीकडे गेली होती. लेक-जावई तिथल्या सूतगिरणीत. एका रविवारी नागपुराहून निघाले. कंपन्यांच्या भिंती, ट्रकांच्या रांगा, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची चाळ. दोन गल्ल्या चुकून शेवटी सापडली. ती दारात बसून कांदे चिरत होती. अंगावर सूतगिरणीच्या कँटीनचा निळा एप्रन, पायात रबरी चप्पल. मला पाहून तिनं आत आवाज दिला, "मोडा आन वं बसाले, गावच्या डॉक्टर मॅडम आल्या," आणि पहिला प्रश्न केला, "शिंगमोडी कशी आहे?"

मी सांगितलं. तिनं विळीवरून हात काढला. हात एप्रनला पुसले.

"कोन होतं तिच्याजोळ?"

"मी होते."

"मंग बरं," ती म्हणाली आणि पुन्हा कांदा उचलला.

मग मी बोलले, अथपासून इतिपर्यंत. क्षार म्हणजे काय, खार म्हणजे काय, मला काय वाटलं, गावाला काय वाटलं. माझ्यामुळे तुमची गायकी गेली, असं स्पष्ट म्हटलं. मला ती चिडायला हवी होती. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी हलकी होऊन नागपूरला परतले असते. ती कांदे चिरत राहिली.

"खार तं मी त्याईले आधीपासूनच चारत होती," ती म्हणाली. "मालक होते तवापासून. आखरावर दगड आहे ना, त्याच्यावर रोज सकाळी मीठ टाकायची. चाटायच्या अन् तशाच हाडकाकडे पयायच्या. मिठानं काही होत नाही, हे मले मालूम होतं."

"म्हणजे पारावर खार म्हणाले, तेव्हा तुम्ही..."

"होती ना तिथंच. ऐकलं मी."

"तुम्हाला माहीत होतं की त्यानं काही होणार नाही?"

"हो."

"मग बोलला का नाही, मावशी? तिथल्या तिथं एक शब्द बोलला असता तर..."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखाद्या हट्टी वासराकडे बघावं तसं.

"साऱ्या गावात तुमी एकट्या माह्या बाजूनं बोलून राहिल्या होत्या," ती म्हणाली. "तुमचंच चुकलं, असं मी कसं म्हनू?"

आतून लेकीनं कामाच्या पाळीची वेळ झाल्याचं सांगितलं. तिनं चिरलेले कांदे ताटात भरले, एप्रनची गाठ घट्ट केली आणि कँटीनकडे निघाली.